दुसऱ्या हाफमध्ये ३६–०: ऑल ब्लॅक्सचं नेमकं काय चुकलं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सप्टेंबर २०२५ च्या या अंकासाठी आलेली जवळपास सगळी पत्रं एकाच रग्बी मॅचवर आहेत. शनिवार १३ सप्टेंबर २०२५ ला वेलिंग्टनमध्ये दक्षिण आफ्रिकेनं न्यूझीलंडला ४३–१० असं लोळवलं, ऑल ब्लॅक्सच्या, म्हणजे न्यूझीलंडच्या रग्बी टीमच्या, अख्ख्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा पराभव. आधीचा विक्रमही आफ्रिकेनंच दिलेला, ऑगस्ट २०२३ मध्ये ट्विकेनहॅमला ३५–७. तेव्हा २८ चा फरक होता, आता ३३ चा. साहजिकच वाचक चिडलेत, कुणाला कोच नको, कुणाला कॅप्टन नको, एकाला तर अख्खी टीमच नको. शिव्या गाळून प्रश्न तेवढे ठेवलेत.

कॉलेजात शिकणारा एक वाचक: दादा, मला एक सांगा, लिरॉय कार्टर हा सेव्हन्सचा (सात जणांच्या रग्बीचा) प्लेयर, ऑलिम्पिक खेळला वगैरे ठीक आहे, पण त्याला डायरेक्ट वर्ल्ड चॅम्पियनविरुद्ध पहिली टेस्ट (देशादेशांतली मॅच) देतात का कुणी? सिलेक्शनच चुकलं. कोच स्कॉट रॉबर्टसनला आत्ताच नारळ द्यायला हवा असं नाही वाटत तुम्हाला?

मित्रा, नाही वाटत, आणि कार्टरवर तर अजिबात खापर फोडू नकोस. त्या दिवशी न्यूझीलंडच्या बाजूनं जे थोडंफार बरं घडलं त्यात त्याची ट्राय (बॉल समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे टेकवणं) होती, पहिल्याच टेस्टमध्ये, सुरुवातीलाच. आणि सेव्हन्सचं म्हणशील तर समोरच्या टीमकडे बघ की, चेस्लिन कोल्बे आणि क्वागा स्मिथ हे दोघंही २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला सेव्हन्समध्ये ब्राँझ जिंकलेल्या आफ्रिकन टीमचे. वेलिंग्टनला कोल्बेच्या दोन ट्राय, स्मिथची एक. म्हणजे सहापैकी तीन ट्राय सेव्हन्सवाल्यांनीच मारल्या!

पहिल्या पंधरा जणांची निवड साफ चुकली असती तर ते हाफ टाइमला १०–७ नं पुढे असते का? पुढे होते, हे सगळेच विसरलेत. पहिली चाळीस मिनिटं न्यूझीलंड जिंकत होतं आणि पुढच्या चाळीस मिनिटांत ३६–० असं पानिपत झालं. म्हणून मला पंधरा नावांपेक्षा त्यांच्या मागच्या, बेंचवरच्या आठ नावांबद्दल बोलायचंय, ते खाली सविस्तर येईलच.

रॉबर्टसनचं म्हणशील तर त्याच्या हाताखाली ही एकविसावी टेस्ट, त्यातल्या पंधरा जिंकल्यात. बाकी कुठल्याही देशात या आकड्यावर कोचला हार घालतील, न्यूझीलंडमध्ये त्यावर पत्रं येतात. क्रुसेडर्स क्लबला २०१७ ते २०२३ मध्ये सात किताब जिंकून दिलेला माणूस आहे तो, त्याला रग्बी कळत नाही असं कुणी म्हणू नये. पण क्लबचा कोच पोरांना वर्षभर रोज बघतो, हवं तसं घडवतो. नॅशनल कोचला ती तयार होऊन मिळतात, मोजके आठवडे हातात असतात आणि निवड चुकली की दुरुस्त करायला वेळच नसतो. रॉबर्टसन या फरकाला अजून सरावलेला दिसत नाही, एवढी टीका मी करेन.

एक वाचक (सही नाही): आदल्याच शनिवारी ऑकलंडला एडन पार्कवर याच आफ्रिकेला हरवलं ना २४–१७? एका मॅचनं एवढा गजर कशाला?

एडन पार्कवर ते १९९४ पासून हरलेच नाहीयेत हो, तिथला निकाल धरून कसं चालेल. आणि बघायची गोष्ट वेगळीच आहे. तिथे हरल्यावर आफ्रिकेचा कोच रासी इरास्मसनं काय केलं? हँड्रे पोलार्ड आणि विली ले रू ही मोठी नावं पहिल्या पंधरातून बाजूला ठेवली आणि मॅनी लिबोक, कॅनन मूडी, ईथन हूकर यांना उतरवलं, तेही न्यूझीलंडच्याच घरात, हरल्यानंतर सातच दिवसांनी. ही हिंमत त्याला येते कुठून तर ही पोरं गेल्या दोन-तीन वर्षांत इकडे तिकडे खेळवून झालेली असतात म्हणून. न्यूझीलंडनं बदल केले ते बरेचसे दुखापतींमुळे. त्यांचा पहिल्या पसंतीचा स्क्रमहाफ (नऊ नंबर, पुढच्यांकडून बॉल घेऊन मागे पोचवणारा) कॅम रॉयगार्ड पायाच्या दुखापतीनं बाहेर होता आणि त्याच्या मागे रांगेत कोण हे ठरवता ठरवता पुरेवाट झाली.

ऑफिसात रग्बी बघणारे आम्ही चौघं: आमच्यात वाद झालाय. दोघं म्हणतात की आफ्रिकेचं ते ‘बॉम्ब स्क्वॉड’, दुसऱ्या हाफमध्ये बेंचवरून उतरणारी फौज, म्हणजे नुसती हवा आहे, बेंचवरचा तो बेंचवरचाच, चांगला असता तर पहिल्यापासून नसता का खेळला. उरलेले दोघं म्हणतात मॅच बेंचनंच जिंकली. निकाल द्या.

उरलेले दोघं बरोबर. हरलेल्या दोघांनी चहा पाजावा.

आता जरा नीट सांगतो कारण याच मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. टेस्टला २३ जण असतात, १५ मैदानात आणि ८ बाहेर. त्या आठांत फ्रंट रोचे तीन असावेच लागतात, दोन प्रॉप आणि एक हुकर, तो नियमच आहे, कारण स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण भिडून एकमेकांना ढकलतात तिथे, पुढच्या ओळीत (तीच फ्रंट रो) कच्चा लिंबू उभा केला तर मान मोडायची भीती असते. उरतात पाच जागा. पूर्वी सगळेच आठांत मिळून पाच फॉरवर्ड (स्क्रममध्ये ढकलणारे) आणि तीन बॅक्स (मागे पळणारे) ठेवायचे. इरास्मसनं २०१९ च्या वर्ल्ड कपला सहा-दोन केलं आणि २०२३ ला ट्विकेनहॅमवर आफ्रिकेनं थेट सात-एक, म्हणजे सगळ्या बॅक्स मिळून बदली फक्त एक! त्याच मॅचला तो ३५–७ लागला होता. मग लोक म्हणाले मैत्रीपूर्ण सामन्यात ठीक आहे, तर आफ्रिकेनं २०२३ च्या वर्ल्ड कप फायनललाही सात-एकच ठेवलं आणि १२–११ नं कप नेला, समोर हेच ऑल ब्लॅक्स.

हे नुसतं ताजे पाय आणण्याचं गणित नाहीये. स्क्रम जवळून बघा एकदा. दोन्हीकडचे आठ-आठ मिळून दीड टनाहून जास्त वजन एकमेकांवर आदळतं आणि त्यात सगळ्यात अडचणीत असतो तीन नंबरचा टाइटहेड प्रॉप. त्याच्या समोरच्या लूजहेडचा (एक नंबरच्या प्रॉपचा) एक खांदा मोकळा असतो पण टाइटहेडचं डोकं समोरच्या दोघांच्या मध्ये अडकलेलं, एका बाजूला हुकर एका बाजूला प्रॉप, दोघांचा दाब त्याच्या मानेवर आणि पाठीवर. तो दोन इंच जरी वाकला तरी अख्खा स्क्रम त्या बाजूनं खचतो, रेफरी शिट्टी मारतो, पेनल्टी. पेनल्टी म्हणजे एकतर तीन पॉइंट नाहीतर बॉल कोपऱ्यात मारून लाईनआऊट (बाहेरून दोन रांगांमध्ये फेकलेला बॉल) आणि तिथून पुन्हा ढकलाढकली. आता विचार करा, पन्नास मिनिटं हे सोसून तुमचा प्रॉप दमलाय आणि समोरून त्याच तोडीचे नवे गडी येतात, तुमच्याकडून मात्र येतो तो पहिल्यापेक्षा थोडा उणा. वेलिंग्टनला हेच झालं. स्क्रम मागे सरकायला लागला, वर उडवलेले हाय बॉलही आफ्रिकाच झेलायला लागली, मग डिफेन्स कुठे कुठे पुरणार. सहापैकी निदान तीन ट्राय, म्हणजे क्वागा स्मिथ, आर जी स्नायमन आणि आंद्रे इस्टरहाइझन यांच्या, बेंचवरच्या लोकांनी मारल्या, यातच सगळं आलं.

आणि हे पहिल्यांदा झालंय असंही नाही. ऑगस्ट २०२४ ला जोहान्सबर्गमध्ये न्यूझीलंड २७–१७ नं पुढे होतं, शेवटच्या टप्प्यात ३१–२७ नं हरलं. पुढच्या शनिवारी केप टाउनला १८–१२. म्हणजे वर्षभर आधी दुखणं दिसत होतं आणि तरी चर्चा कशाची, तर फ्लाय-हाफ (दहा नंबर) कोण असावा याची!

वाचक लिहितात ‘तरुणांना संधी द्या’. विंगवर द्या की, बावीस वर्षांचा विंगर पहिल्या दिवसापासून पळतो. पण प्रॉप असा रातोरात तयार होत नाही, विशेषतः टाइटहेड. ताकद जिममध्ये येते, पण समोरचा कुठल्या कोनात शिरतोय, बाइंड (समोरच्याला धरलेली पकड) कधी घट्ट करायचा, पाय किती मागे ठेवायचे हे मार खाऊनच कळतं, म्हणून हे लोक पंचविशी ओलांडल्यावर पिकतात. पासिलिओ टोसीचंच घ्या, तो आधी नंबर आठ (स्क्रममध्ये सगळ्यात मागे) खेळायचा, नंतर प्रॉप झाला. अशा पोराकडे अंगापिंडाची कमतरता नसते, त्याच्या खात्यात अवघड स्क्रम कमी असतात. ते त्याला मिळणार कुठे, हा खरा डेव्हलपमेंटचा प्रश्न.

जपानी लीगचा फॅन: आपला दहा नंबर रिची मोउंगा जपानमध्ये तोशिबाकडून २०२४ आणि २०२५, लागोपाठ दोन वर्षं चॅम्पियन झाला आणि आपण म्हणे त्याला घ्यायचं नाही कारण तो देशाबाहेर खेळतो. हा कुठला नियम? मोउंगा असता तर ४३ पॉइंट बसले असते का?

बसले असते कदाचित दोन-चार कमी. दहा नंबरच्या माणसाला पुढून बॉल तर मिळायला हवा, मागे सरकणाऱ्या स्क्रमच्या मागे उभं राहून मोउंगा काय करणार होता? आणि तो २०२६ मध्ये परत येतोय असं जाहीर झालंय, तेव्हा त्या आघाडीवर धीर धरा.

नियमाबद्दल मात्र तुमचा राग थोडा रास्त आहे. न्यूझीलंडमध्ये जो खेळतो त्यालाच ऑल ब्लॅक्सची जर्सी, असं त्यांचं धोरण आहे. आफ्रिकेचं उलट. कोल्बे आणि क्वागा स्मिथ जपानमध्ये, स्नायमन आयर्लंडमध्ये, कुणी कुठेही खेळा, बोलावलं की या. न्यूझीलंडच्या नियमानं बघितलं तर वेलिंग्टनला ट्राय मारणाऱ्या या तिघांपैकी एकही पात्र ठरला नसता. पण आफ्रिकेची लोकसंख्या सहा कोटींच्या वर, न्यूझीलंडची पन्नास लाखांच्या थोडी पुढे. दरवाजा सरसकट उघडला तर पहिले तीस-चाळीस जण पैशासाठी जपान-फ्रान्सला जातील आणि मागे सुपर रग्बीत, म्हणजे तिथल्या क्लबांच्या लीगमध्ये, बघायला कोण येणार? टीव्हीचा पैसा गेला की शाळेपासूनची सगळी साखळीच तुटायची.

मोठ्या खेळाडूंना एक सवलत आहे, सबॅटिकल म्हणतात तिला, करार लांबवला की एक हंगाम बाहेर खेळून परत या. बोडेन बॅरेट आणि आर्डी सवीया असे जपानला जाऊन आले, जॉर्डी बॅरेट गेल्या हंगामात आयर्लंडच्या लेन्स्टर क्लबला जाऊन आला. माझं म्हणणं, आणि हे कुणाला पटो न पटो, की ही सवलत चुकीच्या माणसांना मिळते. तिशीतल्या स्टारला जपानमध्ये थोडा आराम आणि भरपूर पैसा मिळतो, त्याच्या खेळात भर काय पडते? त्यापेक्षा तेवीस-चोवीस वर्षांच्या दोन-तीन प्रॉपना आणि एखाद्या लॉकला (दुसऱ्या ओळीतल्या उंच फॉरवर्डला) एक हंगाम फ्रान्सच्या टॉप १४ मध्ये पाठवा, जिथे स्क्रमसाठी लोक जीव टाकतात. परतीचा करार आधीच सही करून घ्या आणि त्या काळातही त्यांना टीमसाठी पात्र ठेवा. जॉर्डी तरी आयर्लंडमधून चार गोष्टी शिकून आला असं दिसतं, मग हे त्या पोरांना का नको?

शाळेत पीटी शिकवणाऱ्या एक बाई: मला वाटतं मूळ शाळेत असतं. न्यूझीलंडच्या शाळांमध्ये रग्बी इतकं जोरात आहे मग पुढे गळती कुठे होते?

बाई, प्रश्न आवडला. शाळेत खरंच गळती नाहीये. तिथल्या फर्स्ट फिफ्टीनच्या (शाळेच्या पहिल्या टीमच्या) मॅचेस टीव्हीवर लागतात. फॅबियन हॉलंडचं उदाहरण बघा, हा नेदरलँड्सचा मुलगा, शाळकरी वयात ख्राइस्टचर्चला शिकायला आला आणि यंदा जुलैमध्ये फ्रान्सविरुद्ध ऑल ब्लॅक्सकडून लॉक म्हणून उतरला. वॉलेस सिटिटी तर २०२४ चा वर्ल्ड रग्बीचा सर्वोत्तम नवोदित. म्हणजे हिरे सापडतायत.

अडचण अठरा ते तेवीसमध्ये आहे. अंडर-२० वर्ल्ड चॅम्पियनशिप एकेकाळी न्यूझीलंडची जहागीर होती, २०१७ नंतर एकदाही जिंकलेले नाहीत. यंदा जुलैमध्ये फायनलला पोचले आणि हरले, २३–१५, कुणाकडून ते सांगायला नकोच. त्याच्यापुढची पायरी एनपीसी, म्हणजे चौदा प्रांतांची स्पर्धा, पण ती नेमकी टेस्टच्या दिवसांत चालते, त्यामुळे तिथे विशीतल्या प्रॉपच्या समोर ऑल ब्लॅक प्रॉप सहसा येतच नाही, त्याच्याच वयाचा दुसरा पोरगा येतो. मग सुपर रग्बी. त्यात पूर्वी आफ्रिकेच्या टीम होत्या, बुल्स, शार्क्स, स्टॉर्मर्स, न्यूझीलंडच्या पोरांना दर हंगामात प्रिटोरिया-डर्बनला जाऊन मार खायला लागायचा. प्रवासाला सगळे वैतागायचे. कोविडच्या काळात आफ्रिका बाहेर पडली, युरोपात गेली, आणि आता त्यांची पोरं हिवाळ्यात चिखलात आयरिश-फ्रेंच फॉरवर्डशी झुंजतात तर न्यूझीलंडची पोरं कोरड्या मैदानावर ऑस्ट्रेलियन टीमशी पळापळी खेळतात. बघायला मजा येते, सुपर रग्बी यंदा झकासच झाली! पण टेस्टच्या दुसऱ्या हाफची तयारी त्यात होत नाही, आणि हा फरक कुठलाही सिलेक्टर बैठकीत बसून भरून काढू शकत नाही.

तुमच्या शाळेतल्या मुलांना एकच सांगा, बारा-तेरा वर्षांच्या जाडजूड मुलाला लगेच ‘तू प्रॉप’ म्हणून शिक्का मारू नका, आधी बॉल हातात खेळू द्या.

जुना वाचक, वय ७१: बाळा, चार दिवसांत जग बुडत नाही. आफ्रिकेचे पण असेच दिवस होते ना? मला आठवतंय ते शून्यावर हरले होते.

काका, अगदी बरोबर आठवतंय तुम्हाला. १६ सप्टेंबर २०१७, ऑल्बनी, न्यूझीलंड ५७, दक्षिण आफ्रिका ०. त्याच्या आदल्या वर्षी डर्बनला, स्वतःच्या घरात, ५७–१५. वेलिंग्टनपेक्षा वाईट अवस्था होती. २०१८ ला इरास्मस आला. पहिल्याच टेस्टला वॉशिंग्टनमध्ये वेल्सविरुद्ध डझनभर नवखे उतरवले, हरला, लोकांनी नावं ठेवली. सिया कोलिसीला कॅप्टन केलं. बाहेर खेळणाऱ्यांसाठी तीस टेस्टची अट होती तीही काढून टाकली. आणि ऑल्बनीला वर्ष पूर्ण व्हायला एक दिवस बाकी असताना याच वेलिंग्टनला न्यूझीलंडला ३६–३४ हरवलं.

पण ते काही लगेच सुसाट सुटले नाहीत, २०१८ मध्ये १४ टेस्टपैकी ७ जिंकले, ७ हरले. २०१९ च्या वर्ल्ड कपची पहिली मॅचही न्यूझीलंडकडून हरले आणि मग फायनलला इंग्लंडला ३२–१२. ऑल ब्लॅक्सच्या बोर्डाला चौदात सात हार पचतील का? मला शंका आहे. तिथे एका हारीवर सरकार हलतं, आणि कोचही मग हरायच्या भीतीनं तीच ती तेवीस नावं काढतो. जुलैत फ्रान्स दुय्यम टीम घेऊन आला होता, ३–० नं हरवलं, ठीक आहे, पण त्या तीन टेस्टमध्ये मागच्या फळीतल्या प्रॉप-लॉकना भरपूर मिनिटं देता आली असती. तीच मिनिटं वेलिंग्टनला कमी पडली.

एक खवचट वाचक: बोडेन, स्कॉट, जॉर्डी. तीन बॅरेट भाऊ एका टीममध्ये, त्यात स्कॉट कॅप्टन. वशिला?

तिघं २०१९ च्या वर्ल्ड कपला कॅनडाविरुद्ध एकत्र सुरुवात करून उतरले आणि तिघांनी एकेक ट्राय मारली. असा वशिला सगळ्यांना लाभो. बोडेनचं वय मात्र ३४ झालंय, हा वेगळा मुद्दा.

पुन्हा तो कॉलेजवालाच, दुसऱ्या पत्रात: बोलणं सोपं असतं दादा. २७ सप्टेंबरला एडन पार्कवर ऑस्ट्रेलिया आहे, तुम्ही काय कराल ते लिहा.

लिहितो. रॉयगार्ड फिट असेल तर डोळे मिटून नऊ नंबरला. कार्टर विंगवर कायम, एका हारीवरून पोराला काढायचं नाही. बेंच सहा-दोन, सात-एक नको, आपल्याकडे इस्टरहाइझनसारखा सेंटर (बॅक) आणि फ्लँकर (फॉरवर्ड) दोन्ही खेळणारा माणूस नाही. टोसीला पंचेचाळिसाव्या मिनिटाला आणायचा, स्कोअर काहीही असो, आणि पहिल्या दोन स्क्रममध्ये पेनल्टी गेली तरी बाहेर काढायचा नाही. पुढच्या शनिवारी पर्थला पुन्हा तेच.